वीजबचतीचा डबा, पॉवर फॅक्टर आणि गाळ्यातले फुगलेले कंडेन्सर

खटपट्या | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, आमची सोसायटी मुलुंडला. गेल्या रविवारी एक गृहस्थ वीजबचतीचे डबे विकायला आले. साबणदाणीएवढा पांढरा डबा, मागे प्लगच्या पिना, पुढे हिरवा दिवा. सॉकेटात खोचायचा आणि विसरून जायचं, बिल तीस टक्के कमी. मी सेक्रेटरी, त्यामुळे प्रात्यक्षिक माझ्याच टेबलावर झालं.

त्यांच्याकडे एक लाकडी बोर्ड होता. त्यावर जुनी ४० वॅटची ट्यूब, स्टार्टर आणि तो जड तांब्याचा चोक, म्हणजे तारेची कॉइल. एका वायरीभोवती क्लॅम्प मीटर अडकवला, ०.४३ अँपिअर. त्याच बोर्डावरच्या सॉकेटात डबा खोचला, ०.२३. काढला, ०.४३. खोचला, ०.२३. ट्यूबचा उजेड होता तेवढाच. हातचलाखी म्हणावी तर क्लॅम्प मीटर आमच्या वायरमनचा होता.

सात जणांनी जागच्या जागी पैसे मोजले, त्यातला एक मी. रात्री झोपताना डोक्यात किडा वळवळायला लागला. करंट खरंच निम्म्यावर आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग बिल का कमी होणार नाही? आणि होणार असेल तर वीज कंपन्या हे डबे गुपचूप का चालू देतात? जाणकारांनी उजेड पाडावा. विकणाऱ्याचं नाव विचारू नका, भांडण वाढवायचं नाही.

तिरकस | शनिवार, रात्री ९:५२

एका डब्याने तीस टक्के, म्हणजे चार डब्यांनी एकशेवीस. दर महिन्याला कंपनीचा माणूस पैसे द्यायला घरी येईल. चहा ठेवा.

ओहमकार | शनिवार, रात्री ११:१५

सव्वीस वर्षं पॅनेलच्या धंद्यात आहे, तर माझे दोन पैसे.

क्लॅम्प मीटर खोटं बोलला नाही. विकणाराही ०.२३ दाखवेपर्यंत खरंच बोलत होता. खोटं आहे ते त्याचं पुढचं वाक्य.

२३० व्होल्ट गुणिले ०.४३ अँपिअर, झाले ९९. याला वॅट म्हणू नका, हे व्होल्टअँपिअर. ट्यूब ४० वॅट खाते आणि चोक तापण्यात आणखी तेरा-एक जातात, म्हणजे खरा खप ५३ वॅट. ५३ भागिले ९९, ०.५३. हाच पॉवर फॅक्टर. आणि तुमचा घरगुती मीटर मोजतो तो ५३चा आकडा, ९९चा नाही. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, त्यात अँपिअरला वेगळी जागा नाही.

मग उरलेला करंट करतो काय? चाळीतलं उदाहरण देतो. चोक म्हणजे अशी शेजारीण, जी वाटीभर साखर उसनी नेते आणि लगेच परत आणून देते. खात काहीच नाही. पण ही ने-आण सेकंदाला शंभर वेळा चालते, आणि ती साखर तळमजल्यावरच्या वाण्याकडून येते. साखर संपत नाही, तरी जिन्यावर गर्दी होतेच. जिना म्हणजे तुमची वायर, केबल, ट्रान्सफॉर्मर. कंडेन्सरलाही अशीच सवय, फक्त त्याची वेळ उलटी: चोक परत करतो त्याच क्षणी त्याला हवी असते, आणि चोकला हवी तेव्हा तो परत करत असतो. दोघांना एकाच गॅलरीत बसवा, व्यवहार आपसात मिटतो आणि जिना मोकळा. डब्याने हेच केलं.

हिशेबही जमतो. ९९चा वर्ग वजा ५३चा वर्ग, त्याचं मूळ साधारण ८३. म्हणजे त्या चोकची उसनवारी ८३ व्हीएआर (व्हीएआर हे उसनवारीचं माप). २३० व्होल्टला आणि ५० हर्ट्झला ८३ व्हीएआर द्यायला कंडेन्सर लागतो ५ मायक्रोफॅरॅडचा. माझी पैज, डबा उघडलात तर आत पाचच्या आसपासचा कंडेन्सर निघेल. बोर्ड पाहून डबा बनवलाय, किंवा डबा पाहून बोर्ड.

शुभदा_गोरेगाव | रविवार, सकाळी ८:०५

बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. आमचा पंखा हळू फिरायला लागला की वायरमन येतो, ‘ताई, कंडेन्सर गेला’ म्हणतो, छोटासा बदलतो आणि पंखा पळायला लागतो. म्हणजे पंख्याचाही पॉवर फॅक्टर सुधारतो का?

ओहमकार | रविवार, सकाळी ८:३०

नाही ताई, वस्तू तीच पण काम वेगळं. पंख्यात दोन वाइंडिंग, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या, असतात. घरात फेज एकच, त्यामुळे दोन्हींना एकाच वेळी धक्का बसला तर पंखा नुसता गुणगुणेल, फिरायचा नाही. एका वाइंडिंगच्या वाटेत २.५ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर टाकला की त्याचा करंट पुढे सरकतो आणि एकामागून एक धक्के बसून चुंबकीय क्षेत्र फिरू लागतं. कंडेन्सर म्हातारा झाला की त्याची क्षमता घटते, धक्का मंदावतो, पंखाही मंदावतो. वायरमन खरं सांगतो.

मीनल_ति | रविवार, दुपारी १:२०

बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे खोड काढल्याशिवाय राहवत नाही. ओहमकार, वाटीचं उदाहरण छान आहे, पण ‘उलटी वेळ’ हा त्याचा गाभा आहे आणि तुम्ही तो एका वाक्यात उरकलात.

चोकमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे पाव फेरा असतो, कंडेन्सरमध्ये पाव फेरा पुढे. मागे-पुढे मिळून अर्धा फेरा, म्हणजे एक पूर्ण चढावर असतो तेव्हा दुसरा पूर्ण उतारावर. म्हणून ते एकमेकांना खोडतात. मुलं हे ‘सिव्हिल’ या शब्दावरून लक्षात ठेवतात: सी म्हणजे कंडेन्सर, त्यात आय आधी, मग व्ही, शेवटचा एल म्हणजे कॉइल, तिथे व्ही आधी, मग आय. इलेक्ट्रिकलच्या पोरांना सिव्हिलचा उपयोग तेवढाच.

आता खरी गंमत. त्या बोर्डावर ०.२३ आलं तेव्हा चोक आणि कंडेन्सर यांची उसनवारी तंतोतंत जुळली. यालाच रेझोनन्स, मराठीत अनुनाद, म्हणतात. पुस्तकात अनुनाद वेगळ्या धड्यात आणि पॉवर फॅक्टर वेगळ्या धड्यात, त्यामुळे मुलांना वाटतं या दोन गोष्टी आहेत. पॉवर फॅक्टर एकवर आणणं म्हणजे त्या सर्किटला ५० हर्ट्झला रेझोनन्समध्ये नेऊन ठेवणं.

लोकलच्या डब्यातल्या कड्या आठवा, डबा रिकामा असतानाच्या. गाडी एका ठरावीक वेगाला आली की सगळी रांग डोलायला लागते, वेग आणखी वाढला की शांत होते. धक्का तेवढाच, पण ठेका जुळला की झोका वाढत जातो. आजोबांच्या रेडिओतही तेच. २०० मायक्रोहेन्रीची कॉइल धरली तर मुंबईच्या अस्मिता वाहिनीच्या ५५८ किलोहर्ट्झसाठी बटणाने फिरणारा गँग कंडेन्सर ४०७ पिकोफॅरॅडवर यावा लागतो, आणि १०४४च्या केंद्रासाठी ११६वर. बटण फिरवून आपण काटा हलवतो असं वाटतं. खरं तर आपण ठेका बदलत असतो.

ठेका जुळण्याचा हिसका मी बीएस्सीला पाहिलाय. अर्धा हेन्रीची कॉइल, वीस मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर, दोन्ही एकापुढे एक, आणि सर्किटचा सगळा रोध दहा ओहम. व्हेरिअ‍ॅकवर, म्हणजे दाब कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर, फक्त वीस व्होल्ट. वीसच तर आहेत, म्हणून मी कंडेन्सरवर ० ते ५० व्होल्टचा मीटर लावला. काटा खाडकन उजव्या खुंटीवर आपटला आणि मीटरमधून जळकट वास. वीस व्होल्टमधून कंडेन्सरवर तीनशेच्या वर व्होल्ट उभे होते. करंट दोन अँपिअर आणि कंडेन्सरचा अडथळा एकशे एकोणसाठ ओहम, गुणाकार करून बघा. मीटरचे पैसे डिपॉझिटमधून कापून गेले.

तिरकस | रविवार, दुपारी १:३१

आता लोकलचा विषय निघालाच आहे तर मला सांगा, लोकललाही कंडेन्सर लागतो का? की तिला आपल्यासारखाच नुसता धक्का मारावा लागतो?

ओहमकार | रविवार, दुपारी २:०४

तुम्ही चेष्टेत विचारलंत, पण प्रश्न चांगला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. डीसीमध्ये मागे-पुढे असं काही नसतं, व्होल्टेज एकाच दिशेला उभं, म्हणून वरच्या तारेवर पॉवर फॅक्टरचा प्रश्नच नव्हता. मात्र एवढ्या कमी दाबाने एवढ्या गाड्या ओढायच्या तर करंट हजारोंच्या घरात जातो आणि सबस्टेशनं जवळजवळ लागतात. म्हणून टप्प्याटप्प्याने सगळं २५,००० व्होल्ट एसीवर नेलं, मुंबईतलं ते काम २०१६ला संपलं. तेव्हापासून लोकलच्या तारेलाही पॉवर फॅक्टर चिकटला.

गाळा_१४ | रविवार, रात्री १०:४८

वाचनमात्र होतो, पण कंडेन्सरचा विषय निघाला आणि जखमेवरची खपली निघाली.

नाव गाळ्याचं आहे, सुरुवात भांडुपच्या गाळ्यातच झाली. आता महापेला प्लास्टिक मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे, स्वतःचा ५०० केव्हीएचा (केव्हीए म्हणजे हजार व्होल्टअँपिअर) ट्रान्सफॉर्मर. घरवाल्यांना युनिटचं बिल येतं, आम्हा उच्चदाबवाल्यांना एप्रिल २०२०पासून केव्हीएएचवर, केव्हीए गुणिले तास. म्हणजे खटपट्यांचं ते ९९, ५३ नव्हे. महिन्याला ४०,००० युनिट खरा खप आणि पॉवर फॅक्टर ०.८५ असेल तर मीटर ४७,०५९ दाखवतो. तोच ०.९९ केला तर ४०,४०४. साडेसहा हजारांच्या वर युनिटं कशासाठी भरायची? साखरेच्या ने-आणीसाठी. त्यामुळे आमच्या धंद्यात कंडेन्सर ही फसवणूक नाही, पोटापाण्याची वस्तू आहे.

मी चार टप्प्यांचं ऑटोमॅटिक पॅनेल बसवलं. पन्नास-पन्नास केव्हीएआरचे (केव्हीएआर म्हणजे हजार व्हीएआर) चार, एकूण दोनशे. दोन वर्षं छान चाललं. मग जुन्या मशीनच्या मोटरी काढून व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह, लावले, वीज वाचते म्हणून. वाचलीही. पण महिन्याभरात कंडेन्सर फुगायला लागले. डबा वरून चपटा असतो ना, तो पापडासारखा वर आला. एचआरसी फ्यूज उडायचे. चारच्या चार टप्पे लागले की पॅनेलमधून भुंग्यासारखा आवाज यायचा, चौथा सुटला की बंद. पुरवठादार म्हणाला, लॉट खराब आहे. बदलून दिले. पुन्हा फुगले. म्हणाला, तुमचं व्होल्टेज जास्त आहे. तिसऱ्यांदा बदलले, पैसे आमचे. चौथ्यांदा एका जुन्या माणसाने अ‍ॅनलायझर लावून दाखवलं की करंटमध्ये सातवा हार्मोनिक घुसलाय. मला सातवा म्हणजे सातवा महिना एवढंच माहीत. ओहमकार, तो आवाज चौथ्या टप्प्यालाच का यायचा ते सांगाल का? त्या माणसाने कागदावर काहीतरी वर्गमूळ मांडलं होतं, ते मला कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली.

ओहमकार | सोमवार, सकाळी ७:१०

लाज कसली, हे वर्गमूळ माहीत नसलेले इंजिनिअर मी रोज बघतो.

तुमच्या ५०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर इम्पीडन्स, म्हणजे आतला अडथळा, साधारण ५ टक्के असेल. ५०० भागिले ०.०५, म्हणजे १०,००० केव्हीए ही तुमच्या बसबारची (पॅनेलमधल्या मुख्य पट्ट्यांची) शॉर्ट सर्किट ताकद. तिला कंडेन्सरच्या केव्हीएआरने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर सांगतं की ट्रान्सफॉर्मरची कॉइल आणि तुमचे कंडेन्सर कितव्या पटीच्या वारंवारतेला ठेका धरतील.

एक टप्पा, पन्नास: १०,००० भागिले ५०, मूळ १४.१. दोन टप्पे, १०. तीन टप्पे, ८.२. चार टप्पे, दोनशे केव्हीएआर: ७.०७.

सात. म्हणजे ५०च्या सात पट, ३५० हर्ट्झ, आणि सातवा हार्मोनिक म्हणजे याच वारंवारतेचा करंट. आणि साधा सहा पल्सचा व्हीएफडी तारेत परत काय फेकतो? पाचवा आणि सातवा, मग अकरावा, तेरावा. तुमच्या कडीला नेमक्या तिच्या वेगाची गाडी मिळाली. व्हीएफडीमधून येणारा सातवा थोडासाच असेल, पण रेझोनन्समध्ये तो ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर यांच्यामध्ये कितीतरी पट होऊन फिरत राहतो. मीनलताईंचा मीटर जळला तसे तुमचे कंडेन्सर शिजले. व्हीएफडी यायच्या आधीही ठेका सातचाच होता, वाजवणारा नव्हता. मला चीड येते ती तीनदा कंडेन्सर विकून एकदाही व्हीएफडीबद्दल न विचारणाऱ्याची.

तुम्हाला शेवटी काय बसवून दिलं? सात टक्क्यांचे रिअ‍ॅक्टर का?

गाळा_१४ | सोमवार, सकाळी ९:३३

हो, प्रत्येक टप्प्यापुढे एक काळी अवजड कॉइल, ‘७%’ लिहिलेली. आणि कंडेन्सर ४४०चे काढून ५२५ व्होल्टचे. मला वाटलं महाग माल गळ्यात मारतोय.

ओहमकार | सोमवार, सकाळी ९:५०

नाही, बरोबर केलं त्याने. सात टक्क्यांची कॉइल लावली की त्या टप्प्याचा स्वतःचा ठेका एक भागिले ०.०७चं वर्गमूळ, म्हणजे ३.७८ पटीवर, १८९ हर्ट्झला जातो. पाचव्याच्या खाली. पाचवा, सातवा येऊ देत, तिथे कंडेन्सर आता कॉइलसारखा वागतो, ट्रान्सफॉर्मरशी त्याचं सूत जुळत नाही. पण कॉइलमुळे कंडेन्सरवरचं व्होल्टेजही सात-साडेसात टक्के चढतं, ४४०चे ४७३ होतात. म्हणून ५२५चा माल. तो माणूस कोण होता ते व्यनि करा, मला कामावर ठेवायचाय.

लालबागचा_वायरमन | सोमवार, रात्री ११:५९

डिग्री नाही, पण वीस गणपती मंडप उजळलेत. तुमच्या सातव्यासारखा आम्हाला तिसरा नडला.

डेकोरेशनवाल्यांचा ‘बासष्ट’ म्हणजे ६२.५ केव्हीएचा जनरेटर. त्याच्या पाटीवर पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे काम ५० किलोवॅटचं. आधी हॅलोजन असायचे, तेव्हा सरळ हिशेब होता. मग सगळं एलईडी केलं, लोड निम्म्याच्या खाली. मी खूश. तीन फेजवर सारख्या वाटण्या केल्या, प्रत्येकीवर चाळीसच्या आसपास अँपिअर. केबल साडेतीन कोरची, म्हणजे न्यूट्रल निम्म्या जाडीचा. तिन्ही फेज समान असल्या तर न्यूट्रलमध्ये काही नसतं, हे आम्ही बापाकडून शिकलेलो.

तिसऱ्या रात्री आरतीच्या वेळी मंडपामागे प्लास्टिक वितळल्याचा वास. हात लावून बघितलं तर तिन्ही फेज कोमट आणि न्यूट्रलचा लग, म्हणजे तारेच्या टोकाची जोडणी, तव्यासारखा. क्लॅम्प लावला, फेजवर ४१ आणि न्यूट्रलवर ५८. मीटर खराब म्हणून दुसरा आणला, तोही ५८. न्यूट्रल सुटला असता तर अर्ध्या मंडपावर चारशेपर्यंत व्होल्ट जाऊ शकले असते. रात्रीच्या रात्री दुसरी पूर्ण जाडीची केबल समांतर टाकली.

मीनल_ति | मंगळवार, सकाळी ६:४०

हे मी वर्गात सांगणार, परवानगी गृहीत धरते. तीन फेज एकमेकींपासून १२० अंशांवर असतात, म्हणून त्यांचे मूळ करंट न्यूट्रलमध्ये खोडले जातात. पण तिसऱ्या हार्मोनिकला १२०चे तिप्पट ३६० होतात, म्हणजे पूर्ण फेरा. तिन्ही फेजचे तिसरे एकाच वेळी चढतात आणि न्यूट्रलमध्ये खोडण्याऐवजी बेरीज होते. स्वस्त एलईडी ड्रायव्हर लाटेच्या शिखरावरच ओरबाडून घेतात, त्यामुळे त्यांच्यात तिसरा भरपूर.

आणि इथे माझंच आधीचं वाक्य दुरुस्त करते. रेझोनन्सला नेलं की पॉवर फॅक्टर एक होतो हे सरळ लाटेपुरतं खरं. लाटच वेडीवाकडी असेल तर करंट मागे-पुढे नसूनही पॉवर फॅक्टर पडतो, आणि तिथे कंडेन्सर लावून काही होत नाही. झालंच तर गाळा_१४ होतं.

गाळा_१४ | मंगळवार, सकाळी ९:१५

क्रियापद झालो. धन्य.

खटपट्या | पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:२०

उशीर झाला, पण प्रयोग करूनच आलोय.

पंपरूममध्ये अजून एक चोकवाली ट्यूब होती, ती घरी आणली. फ्रिजसकट सगळं बंद केलं. आमच्या मीटरवर लिहिलंय, युनिटमागे ३२०० ठोके, प्रत्येक ठोक्याला लाल दिवा लुकलुकतो. दहा मिनिटं डब्याशिवाय मोजले, २८. दहा मिनिटं डबा लावून, पुन्हा २८. बायकोने विचारलं, मीटरसमोर स्टूल टाकून जपाला बसलात का. क्लॅम्प मात्र इमानदारीत ०.४३ आणि ०.२३ दाखवत होता.

मग ट्यूब काढली आणि घरातल्या २० वॅटच्या एलईडी ट्यूबवर डबा लावला. डब्याशिवाय ०.०९ अँपिअर. डब्यासकट ०.३५. करंट चौपट झाला! उसनवारी करणारं कुणी नसताना हा एकटाच जिन्यावर चढ-उतर करत बसलाय.

डबा उघडला. हिरवा दिवा, चार डायोड, मूठभर काळं डांबर आणि पिवळ्या खोक्यातला एक कंडेन्सर, ४.७ मायक्रोफॅरॅड. ओहमकार, पैज जिंकलात, वडापाव लागू.

पाच जणांनी डबे माझ्याकडे आणून टाकले. तळमजल्याच्या काकू देत नाहीत. म्हणतात, माझं बिल कमी आलं. त्या महिन्यात त्या पंधरा दिवस चिपळूणला होत्या, पण ते मी बोललो नाही, मला सोसायटीत राहायचंय.

आता माझ्याकडे सहा कंडेन्सर पडून आहेत. शुभदाताईंच्या पंख्याला चालतील का?

ओहमकार | रविवार, संध्याकाळी ६:४१

अजिबात नको. त्याला २.५ लागतो. ४.७ टाकलात तर वाइंडिंग तापेल आणि ताई मला शिव्या देतील. आणि हाताळताना सांभाळून, प्लग काढला तरी कंडेन्सर भरलेला राहू शकतो, दोन्ही टोकांना एकदम बोट लावू नका.

शुभदा_गोरेगाव | रविवार, संध्याकाळी ७:०२

पंखा मागच्याच आठवड्यात दुरुस्त झाला. वायरमनला मी २.५ आहे का ते वाचून दाखवायला लावलं. तो जरा बिचकला.